मोहरीएवढा सूर्य आणि दौंडचा शेजारी

पुण्याहून शिरूरच्या एस.टी.त बसले, ती एका कटात सामील व्हायला. माझी ट्रेनिंग कॉलेजातली मैत्रीण मार्था साळवे शिरूरला शाळेत शिकवत होती. तिला दौंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा मिळाली होती, महिन्यानं हजर व्हायचं होतं. पण तिचे वडील, आबा, दौंडचं नावही काढू देत नव्हते. दौंड म्हणजे परमुलूख, तिथं आपलं कोण आहे, असं म्हणायचे आणि विषय संपवायचे. वास्तविक मार्थाचा मामेभाऊ योसेफ तिथंच रेल्वेत होता. पण पत्नी गेल्यापासून आबांनी शिरूर सोडलं नव्हतं, आणि त्यांना एकटं टाकून जाणं मार्थाला जमणार नव्हतं.

आबा म्हणजे निवृत्त भूगोल-मास्तर. जमिनीवर गावाची वेस न ओलांडणारा हा माणूस आकाशात मात्र कुठंही हिंडून येई. तिथंच आम्ही त्यांना पकडायचं ठरवलं.

दुपारी भाकरी आणि कोरड्यास (भाकरीशी खायचं पातळ कालवण) झाल्यावर मी विषय काढला. सूर्यमाला केवढी, आणि आकाशगंगेत ती कुठं बसते, हे शाळेतल्या पोरींना आकडे सांगून कळत नाही, तर अंगणातच मांडून पाहू या का? आबा लगेच सरसावून बसले. मार्थानं आतून एक मोहरी आणली. पालथ्या पातेल्यावर ती ठेवली आणि म्हणाली, हा सूर्य. पृथ्वी वीतभरावर आली, पण ती दाखवायची कशानं? पिठाचा कणही मोठा पडला असता. गुरू दोन हातांवर. सगळ्यांत लांबचा प्लूटो कुंपणाच्या फाटकाशी. सारी सूर्यमाला त्या एवढ्याशा अंगणात मावली, वर कोंबड्यांना फिरायला जागा उरली.

"आणि सगळ्यांत जवळचा तारा?" आबांनी विचारलं.

मी पाटीवर गणित मांडल्यासारखं केलं. उत्तर आम्हा दोघींना आधीच ठाऊक होतं.

"दौंड," मी म्हणाले.

आबांनी फाटकापलीकडे पाहिलं. मग म्हणाले, की मांडायचं तर पुरतं मांडायचं, अर्धवट नको. तारा आपण स्वतः नेऊन ठेवू. मार्था पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाली. ती हसत असणार हे मला बाहेरून कळत होतं.

सकाळी निघालो. दुसरी मोहरी आबांनी कागदाच्या पुडीत घालून कोटाच्या वरच्या खिशात ठेवली होती. एस.टी. न्हावऱ्याला थांबली. दोन्ही बाजूंना ऊस, मधून कांद्याचे वाफे, आणि थांब्यावर काचेच्या ग्लासात चहा. आबांनी चहाचा घोट घेतला आणि सहज म्हणाले, "सूर्य म्हणून खसखस घेतली असती तर तारा न्हावऱ्यातच पडला असता. नाही का?"

मार्थाच्या हातातला ग्लास तसाच राहिला. मी उसाकडे बघू लागले. आबांनी शांतपणे चहा संपवला आणि लिंबू घेतलं असतं तर दिल्ली गाठावी लागली असती, त्या मानानं मोहरी बरी, असं म्हणून गाडीत जाऊन बसले. त्यांना कट कळला होता की नुसतं गणित, याचा आम्हाला पत्ता लागेना.

भीमेच्या काठी उतरलो. आम्ही गेलो त्या वाटेवर तेव्हा पूल नव्हता, नावेनं पलीकडे जायचं. नावेत कांद्याची पोती, एक म्हातारी, दोन शेळ्या आणि आम्ही. नदीच्या मधोमध आबांना वाटलं, पुडी एकदा बघावी. त्यांनी ती उघडली आणि नेमकी शेळीनं मान झटकली. मोहरी गेली.

"तारा!" आबा ओरडले.

पुढचं इतक्या झटपट झालं की आम्हाला बोलताच आलं नाही. म्हातारीनं गळा काढला, पोर पडली म्हणून. नावाड्यानं वल्हं टाकलं, मुंडासं फेकलं आणि पाण्यात उडी घेतली. तो दोनदा बुडी मारून वर आला, तेव्हा कुठं मार्थानं त्याला सांगितलं, की तारा म्हणजे मुलगी नव्हे, मोहरी आहे.

नावाडी नावेची कड धरून तसाच पाण्यात राहिला. त्यानं आमच्याकडं एकेक करून पाहिलं.

"मोहरीला तारा म्हंता व्हय तुमी?"

आबांनी त्याचा हात धरून त्याला वर ओढलं, माफी मागितली, आणि उरलेल्या पाण्यात सगळी गोष्ट त्याला समजावून सांगितली. शिरूरच्या अंगणात सूर्य, इकडं दौंडात तारा, आणि मधे काही नाही.

"काईच न्हाई?" नावाड्यानं विचारलं. "मग आमी कुठं हाय?"

"आपण सगळे शिरूरलाच," आबा म्हणाले, "त्या वीतभरात."

म्हातारीनं डोळे पुसून पदराची गाठ सोडली. लेकीकडे मसाला करायला निघाली होती. तिनं मूठभर मोहरी पुढं केली. आबांनी त्यातून एकच दाणा उचलला.

"घ्या की आनखी," ती म्हणाली.

"एकच पुरे, मावशी. वर एवढी दाटी नसते."

पैलतीरावरून बैलगाडीनं दौंड गाठलं. योसेफच्या क्वार्टरच्या ओट्यावर, खिळ्याच्या भोकात आबांनी तारा बसवला आणि मला विचारलं, याच मापानं आकाशगंगेचं दुसरं टोक कुठं येईल? मी म्हणाले, चंद्राच्याही पलीकडे, जवळजवळ तिप्पट लांब. आबा खाली बसले. म्हणाले, "म्हणजे शिरूर आणि दौंड एकमेकांना चिकटूनच आहेत की गं."

मार्थानं हीच वेळ साधून नोकरीची गोष्ट काढायला तोंड उघडलं. पण आबा उठून यार्डाकडे निघाले होते. तिथं शंटिंग बघत बसलेल्या एका निवृत्त ड्रायव्हरशी त्यांचं जमलं ते असं, की जेवायला दोनदा बोलवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी परतायची वेळ झाली तर आबा कोटच घालेनात. त्यांनी मार्थाला सांगितलं, की तू जा, शाळेचा राजीनामा दे, सामान आवर, महिन्यानं ये. मी इथं घर बघून ठेवतो. आठवडाभर पुरेल एवढा युक्तिवाद पाठ करून आलेल्या मार्थाला त्यातलं एक वाक्यही वापरावं लागलं नाही.

आम्ही दोघीच शिरूरला परतलो. वाटेत मला वाटत होतं, आबांना दौंड लांब कधी नव्हतंच. बायकोशिवाय पहिलं पाऊल उंबऱ्याबाहेर टाकायला त्यांना निमित्त हवं होतं, आणि ते आकाशाएवढं मोठं असल्यावाचून त्यांना चाललं नसतं. हे मी मार्थाला म्हणणार होते. पण तिनं घराचं कुलूप काढलं, आत रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि दारातच थांबली.

"महिनाभर एकटीच राहायचं गं मी?" ती म्हणाली. "दौंड फार लांब आहे."