बाबांच्या सदऱ्यांची गोधडी

माझ्या बाबांचं अकोल्यात बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या बॅटऱ्या उघडून शिशाच्या प्लेटा बदलायच्या, हे काम ते माझ्या जन्माआधीपासून करतात. त्याच कामावर मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. अमरावतीला नोकरी लागली तेव्हा माझी दोन वर्षांची लेक आई-बाबांकडेच राहिली. दर शनिवारी मी बसने जायचे.

बाबांचे कामाचे सदरे आईने कधी टाकले नाहीत. तेजाबानं भोकं पडलेला भाग कापून उरलेल्याची तिनं नातीसाठी गोधडी शिवली. लेक तिचं टोक चोखतच झोपायची. संध्याकाळी बाबा दिसले की धावत जाऊन त्यांना बिलगायची.

मग तिचं पोट दुखू लागलं, जेवण सुटलं, चेहरा फिका पडला. लोहाच्या औषधानं फरक पडेना. मी तिला अमरावतीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी काजळ, भांड्यांची कल्हई असं सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, "घरात कोण काय काम करतं?"

रक्ताच्या तपासणीत शिसं निघालं. बाबांच्या कपड्यांवरची धूळ तिच्या पोटात जात होती. गोधडीवरही डॉक्टरांचा संशय होता.

बाबांना कसं सांगावं, या विचारात अकोल्याच्या बसमध्ये वाटेतलं मूर्तिजापूर कधी मागे पडलं कळलं नाही.

ऐकून बाबा आपल्या हातांकडे पाहत राहिले. "म्हंजे मीच खाऊ घातलं तिले."

"तसं नाही बाबा. आता थांबवलं तर उतरेल, म्हणाले डॉक्टर."

"इतके वर्स सांगून राहिली मी, पयले आंघोळ करा," आई म्हणाली. "आयकलं का कधी?"

"तू तं घामाच्या वासापायी सांगत होती!"

डोळे पुसता पुसता आम्ही हसलो. गोधडी बाबांनीच पिशवीत बांधून घराबाहेर काढली. आईनं माझ्या कॉलेजच्या ओढण्या काढून नवी शिवायला घेतली.

आता बाबा दुकानातच कपडे बदलतात आणि घरी आले की मागच्या दारानं थेट न्हाणीत जातात. नव्या तपासणीत शिसं कमी झालंय, अजून गेलेलं नाही. लेकीला ते मागचं दार सापडलंय. ती न्हाणीबाहेर टॉवेल घेऊन बसते.

"आबा, झालं?"

"थांब व माय, साबन लावून राहिलो!"

"आता झालं?"