साडभाऊंच्या दातांची कव्हरं

पल्लवीच्या साक्षगंधाच्या दिवशी मी माझ्या सख्ख्या साडूंना मुलाकडचे पाहुणे समजलो. फाटकाशी एक गृहस्थ पांढरंशुभ्र हसत उभे होते. मी दोन्ही हात जोडले, कमरेत वाकलो आणि विचारलं, "वडनेरहून निघायला उशीर नाही ना झाला? रस्ता कसा आहे?" ते म्हणाले, "भाऊ, मी इथंच राह्यतो. माह्याच दारात उभे राहून मलेच काय इचारून राह्यले?" आवाज ओळखीचा होता, म्हणून चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, तर ते पल्लवीचे वडील निघाले. चूक माझीच. पण पंचवीस वर्षांत मी या माणसाचा चेहरा नाकाच्या वरचाच पाहिला होता. खाली कायम तळहात असायचा. तो एकदम अख्खा चेहरा घेऊन समोर आल्यावर मी तरी कसं ओळखावं?

वर्धा जिल्ह्यात, आणि माझ्या अंदाजानं उरलेल्या भारतातही, कव्हरावर माझ्या थोरल्या साडूंइतकी श्रद्धा असलेला दुसरा माणूस नसेल. सरकारी कचेरीत बाबू म्हणून राहिले, निवृत्त झाले आणि पिपरी मेघेत टुमदार घर बांधलं. पण त्या घरातली एकही वस्तू अजून कोणाच्या हाताला थेट लागलेली नाही. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, फ्रिजचं हँडल कापडी मोज्यात, स्कूटरच्या सीटवर कंपनीचं कव्हर आणि ते खराब होऊ नये म्हणून त्यावर आमच्या साळीबाईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या ताईंनी, शिवलेलं दुसरं. सोफा घेतला तेव्हाची पन्नी अजून काढलेली नाही. मे महिन्यात त्यावर बसलेला पाहुणा उठतो तेव्हा असा आवाज होतो की आतून साळीबाई विचारतात, "निघाले का?" निवृत्तीच्या वेळी कचेरीतल्या लोकांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ सेल घालून खोक्यातच ठेवलंय. टिकटिक ऐकू येते, वेळ कळत नाही. मी एकदा म्हटलं, "साडभाऊ, काढा की बाहेर." तर म्हणाले, "भिंतीवर धूळ बसते ना बा. चालू हाय, तेवढं पुरे."

एवढ्या या संसारात कव्हराविना राहिली होती ती फक्त एक गोष्ट, त्यांचे दात. तीस वर्षं त्यांनी खर्रा खाल्ला. तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घालून पानठेलेवाला तळहातावर घोटून देतो तो हा आमच्याकडचा महाप्रसाद. (तोही कव्हरातच मिळतो, म्हणून त्यांना अधिक प्रिय असावा.) त्यानं दातांवर जुन्या कवेलूंचा, म्हणजे कौलांचा, रंग चढला होता. त्याची त्यांना लाजही वाटे, आणि म्हणून हसू आलं की आधी उजवा हात तोंडावर जाई आणि मग हसू येई. हात कामात असेल तर ते हसणं थांबवून ठेवत. मी एकदा त्यांना स्कूटर चालवताना विनोद सांगितला होता. पुढच्या चौकात स्कूटर थांबवून, पाय टेकवून, तोंडावर हात ठेवून ते हसले. खर्रा सोडल्याची घोषणा तर दर पाडव्याला होई. पाडव्याला सकाळी सोडत आणि संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगत, "सोडलाच हाय. हा आखरी."

मग पल्लवीसाठी आलेलं पहिलं स्थळ मोडलं. चांगलं, शिकलेलं, नागपूरचं स्थळ. माणसं येऊन, पोहे खाऊन गेली आणि आठवड्यानं नकार आला. मुलगी एकुलती एक. आपल्या दातांमुळेच हे झालं, असं साडभाऊंच्या मनानं घेतलं. कोणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं असणार. अशी माणसं नात्यात असतातच. झालं, साडभाऊंनी खर्रा खरोखर सोडला, पाडव्याची वाटही न पाहता, आणि नागपूरला जाऊन समोरच्या आठ दातांवर पोर्सेलिनची व्हिनियर बसवून घेतली. म्हणजे दात थोडा घासायचा आणि वरून नखाएवढा पातळ चिनी मातीचा पापुद्रा चिकटवायचा. साडभाऊंना ही कल्पना समजावून सांगावी लागली नाही. ते पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "म्हणजे कव्हरच ना?"

मी सोबत गेलो होतो. बाईंनी पांढऱ्या रंगाच्या छटांची पट्टी पुढे केली आणि या वयाला शोभेल अशी, किंचित पिवळसर छटा सुचवली. साडभाऊंनी ती पट्टी घराच्या डिस्टेंपरचं कार्ड पाहावं तशी उजेडात नेऊन पाहिली आणि अगदी टोकाच्या पांढऱ्यावर बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, हा फार उठून दिसेल. ते म्हणाले, "उठूनच दिसू द्या, मॅडम. पोरीच्या लग्नाचं काम हाय." मग गॅरंटी कार्ड मागितलं. ऊस, सुपारी, चकली, बर्फ, समोरच्या दातांनी काहीही तोडणं बंद, असा कागद बाईंनी दिला, तो त्यांनी गॅरंटी कार्ड समजून लॅमिनेट करून घेतला. शिवाय झोपेत दात खाण्याची सवय निघाली म्हणून रात्री लावायला एक पारदर्शक साचा मिळाला. कव्हरावर कव्हर. परतीच्या बसमध्ये साडभाऊ इतके सुखात होते की माझ्याकडे पाठ करून, खिडकीच्या काचेत पाहून ते हिंगणघाटच्या दिशेला जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला हसत होते.

दात आले आणि जेवण गेलं. वडनेरचं दुसरं स्थळ जुळलं, साक्षगंधाला त्या मंडळींनी घरचे लाडू आणले, चकल्या आणल्या. साडभाऊ प्रत्येक ताटाला नमस्कार करून ते पुढे सरकवत राहिले. मुलगा गुणी, माणसं शेतकरी, खातीपिती, साधी. पण पुढच्या दोन भेटींतही या माणसानं त्यांच्याकडचा एक घास तोडला नाही. कोमट चहा घ्यायचा आणि ट्यूबलाइटसारखं हसायचं. शेवटी विहीणबाईंनी माझ्या बायकोला कोपऱ्यात गाठलं. "काऊन वो बाई, आमच्या घरचं चालत नाई काय त्याईले? आमचे हे म्हणून राह्यले, एवढ्या मोठ्या लोकाईत पोरगं देऊन पुढं जमन का नाई. अजून तारीख धरली नाई, तं इचार करू म्हणतात." ही घाबरून घरी आली. दात दाखवायचे म्हणून बसवले आणि दातांपायी दुसरं स्थळही हलायला लागलं. पण दात खोटे आहेत हे सांगायचं कोणी? साडभाऊ म्हणाले, "सांगू नका. मी पाहातो."

त्यांनी पाहिलं ते तुळशीच्या लग्नाला. व्याह्यांनी आम्हाला वडनेरला बोलावलं होतं. संध्याकाळी अंगणात तुळशीभोवती उसाचा मांडव, बोरं, आवळे, मंगलाष्टकं, अक्षता, सगळं रीतसर झालं. मग व्याह्यांनी मांडवातला एक ऊस उपटला, गुडघ्यावर मोडला आणि अर्धा साडभाऊंच्या हातात दिला. "घ्या, व्याही. तुळशीच्या मांडवातला हाय, याले तं नाई म्हणू नका." साळीबाईंनी डोळे मिटले. माझ्या डोळ्यांपुढे तो लॅमिनेट केलेला कागद आला. त्यावर पहिलंच नाव उसाचं होतं. साडभाऊंनी एकदा पल्लवीकडे पाहिलं, एकदा उसाकडे, आणि समोरच्या दातांनी त्याची साल धरून ओढली.

टक् असा बारीक आवाज झाला. उजवा हात, काही महिने रजेवर गेलेला, आपोआप तोंडावर आला. ऊस खाली पडला. व्याह्यांनी तो उचलला, सालीला चिकटलेला पांढरा तुकडा पाहिला, प्रसादाचं खोबरं समजून चिमटीत धरला आणि तोंडाकडे नेला. काहीतरी करायला हवं होतं आणि मी ओरडलो, "खाऊ नका, ते आमचे साडू आहेत."

व्याह्यांनी तो तुकडा उजेडात धरला, पालथा करून पाहिला. मग साडभाऊंकडे पाहिलं. तळहाताआडून साडभाऊ म्हणाले, "खर्र्यानं खराब झालते. पोरीसाठी बसवले. तुमची फसवणूक कराचा इचार नव्हता."

व्याह्यांनी आपलं तोंड उघडलं. आमच्या साडभाऊंचे कवेलू परवडले असे ते दात होते. दोन तर जागेवरच नव्हते. "हे पाहा," ते म्हणाले. "अन् मी तुमचे दात पाहून दोन महिन्यापासून तुमच्यासमोर तोंड दाबून बोलून राह्यलो. आधी सांगतलं असतं तं दोघंबी मोकळे हासलो असतो ना." तुकडा त्यांनी स्वतःच्या स्वच्छ रुमालात बांधून परत दिला आणि तिथंच, उसाच्या चिपाडांत उभं राहून, लग्नाची तारीख धरली.

लग्न झालं. व्हिनियर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा चिकटवून दिलं. परवा दुपारी अल्बम आला, प्रत्येक पान प्लास्टिकमध्ये. हिच्याजवळ बसून मी तो चाळत होतो आणि हसत होतो, कारण दोनशे फोटोंत साडभाऊंचा एकही दात नाही. आठ नवेकोरे, टोकाचे पांढरे दात तोंडात असून सगळीकडे तळहात. पाठवणीच्या फोटोत तर दोन्ही हात. मी म्हटलं, "बघ, यांनी शेवटी दातांनाही खोक्यात ठेवलं."

ही हसली नाही. पान उलटत म्हणाली, "पहिलं स्थळ दातांमुळे मोडलंच नव्हतं. पत्रिका जुळत नव्हती. नागपूरच्या लोकांनी ताईला तसा फोन केला होता. तिनं सांगूनही भाऊजींना ते पटलं नाही."

"मग साडभाऊंच्या डोक्यात कोणी घातलं?"

"तुम्ही," ही म्हणाली. "नकार आला त्या आठवड्यात त्यांच्याकडे जेवण होतं. 'दात पाहून पळाले असतील,' असं तुम्ही पंगतीत म्हणाले. सगळे हसले. भाऊजी वाढत होते तेव्हा. एका हातात वरणाची बादली होती, दुसऱ्या हातात पळी. तेही हसले, पण तोंडावर ठेवायला हात नव्हता त्यांना. सगळ्यांनी पाहिलं. तुम्ही जेवत होते."