हौदाची भेग

शेजारच्या बांधकामावरून ओल्या सिमेंटचा वास आला की मला आमचा हौद आठवतो. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि दुष्काळानं विहिरी आटल्या होत्या. हौदाला भेग पडली, ती मी, घरातल्या पहिल्या बी.ए.नं, स्वतः थापी धरून बुजवली. आठ दिवसांनी टँकर येणार होता. तोवर सिमेंटवर पाणी मारायला मी लांबच्या विहिरीवरून दोन घागरी सायकलवर आणून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी औशाहून दाजी आले. "वा! मेहुणे सिमेंटला आंघोळ घालायलेत, आन् जावई पारोसा!" "आई, ते पाणी हौदाचं हाय," मी म्हणालो. "गप बस. घरचे जावई हायेत," म्हणत आईनं दोन्ही घागरी त्यांच्यापुढं ठेवल्या. दुसऱ्या दिवशी ती विहीरही कोरडी पडली. उन्हात सिमेंट तडकलं. टँकरचं पाणी संध्याकाळपर्यंत अंगणात वाहून गेलं आणि आई चिखलातून ओंजळीनं पाणी भरत राहिली. दाजींनी औशाहून निरोप धाडला, "शिकल्याल्या माणसानं गवंड्याचं काम करू न्हाई." आता दाजी थकलेत. मी औशाला जातो, त्यांची औषधं नेऊन देतो, त्यांच्या शेजारी बसून जेवतो. माफ मात्र केलेलं नाही.