सळई मान हलवत नाही

माझी भाची विमला बावीस वर्षं सरकारी इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात नर्स होती. फुटलेली डोकी, ट्रकाखाली चेंगरलेले पाय, माडावरून पडून मणके मोडलेली माणसं, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. एकदा एका बाईने नवऱ्याचा तुटलेला अंगठा केळीच्या पानात बांधून आणला, तर ही म्हणाली, "वैनी, पान कशाला, बर्फ आणायचं होतंत." असल्या गोष्टी ती जेवताना सांगायची आणि वर बांगड्याचं डोकं चोखायची. मला तर ती भारी आवडते.

गेल्या वर्षी तिची आई, म्हणजे माझी बहीण, अंथरुणाला खिळली. घराजवळ राहता यावं म्हणून विमलाने पेडण्यात नव्याने निघालेल्या खासगी इस्पितळात काम धरलं. तीन महिने कच्ची नोकरी, मग जमलं तर पक्की. तिथली मुख्य नर्स अश्विनी, विमलाच्या मुलीच्या वयाची; ती हिला कात्री कुठच्या कप्प्यात असते ते शिकवी, आणि ही मुकाट्याने शिके. डॉक्टर साईश तरणा, हुशार, पण त्याने हिला कधी नावाने हाक मारली नाही. 'नवीन सिस्टर'.

तिच्या नोकरीचा नववा दिवस, रविवार. विमला कामावर, आणि आम्ही गाववाले धिरयोला गेलो. धिरयो म्हणजे बैलांची झुंज. कायद्याने बंद आहे, म्हणून तर कापणी झालेल्या शेतात पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला बाबलीचा पांढरा शंभू, समोर मुळगावचा काळा. शिंगं तासून तेल चोपडलेली. कपाळाला कपाळ भिडलं तेव्हा नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. काळ्याचा कान फाटला, रक्त शंभूच्या तोंडावर उडालं आणि तो पिसाळला. काळा पळाला, शंभू मागे, आणि मध्ये दोर धरायला धावलेला त्याचाच धनी बाबली. शंभूने मान खाली घातली, शिंग मांडीत रुतवलं आणि त्याला उचलून फेकलं. बाबली लोकांच्या डोक्यांवरून गेला. पडला तेव्हा ओरडलासुद्धा नाही.

पिकअपमध्ये घालताना त्याचा भाऊ गोकुळदास याने सगळ्यांना दम दिला: फाटकावरून पडला, सळई घुसली, एवढंच सांगायचं. नाहीतर पोलीस येणार नि बैल जाणार. मीही मान डोलावली. नेत होतो त्याच इस्पितळात विमला आहे हे मला ठाऊक होतं. म्हटलं, आपलीच पोर, गप्प राहील.

आत काय झालं ते तिने मागाहून सांगितलं. जखम दोन बोटं जाईल एवढी, बाहेर रक्त बेताचं. डॉक्टर म्हणाला, धुऊन टाके घालू. विमलाने जखम पुसली तर पट्टीला तेल लागलं, आणि तेलात दोन राठ पांढरे केस. तिचा बाप झुंजीचे बैल पाळायचा, असली भोकं तिने परकरात असताना पाहिलेली. शिंग मांडीत शिरतं आणि बैल मान उचलतो तसं आतून पोटात जातं. ती म्हणाली, ही सळई नव्हे. डॉक्टर म्हणाला, घरचेच लोक सांगतायत ना. अश्विनीने डोळे वटारले.

विमला दार ढकलून बाहेर आली. हिरव्या झग्यावर रक्ताचे डाग. बाकावर आम्ही आठजण, पण तिने मलाच गाठलं.

"मामा, कुठचं शिंग? आणि मान कुठे उचलली?"

मी म्हटलं, फाटकाची सळई होती गो.

"मामा, सळई मान हलवत नाही."

गोकुळदास माझ्याकडे टक लावून बघत होता. मी उठलो. तोंडाने सांगून काय कळणार? वाकलो, बैलासारखी मान खाली घातली, डावीकडून घुसवली आणि वर उजवीकडे अशी झटकली की टोपी उडून डॉक्टरच्या पायाशी पडली. तो तिच्यामागे येऊन उभा होता. त्याने टोपी पाहिली, मला पाहिलं आणि आत धावला.

पोट उघडलं तर रक्ताचं तळं. आतडं दोन जागी फाटलेलं, एक शीर उडत होती, तिची चिळकांडी विमलाच्या चष्म्यावर. डॉक्टरने मागायच्या आधी चिमटा त्याच्या हातात. चार तास चाललं, आणि बाबली जगला.

डॉक्टरने कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवलं, ते सगळं विमलावर शेकलं. गोकुळदासने मॅनेजरकडे लेखी तक्रार दिली की ही बाई आमच्यावर खोटा आळ घेते. मॅनेजर तिला म्हणाला, पेशंटने जबाबात सळई सांगितली तर एक तारखेपासून तुम्ही येऊ नका.

पाचव्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आला. उशाशी गोकुळदास, दोन दिवस भावाला पढवत बसलेला. मी खिडकीशी. विमला थिएटरमधून डोक्यावरच्या टोपीसकट येऊन दारात उभी राहिली. पोलिसाने विचारलं, कशाने लागलं?

बाबलीने भावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"बैलान मारल्यान. डाव्या शिंगान," तो म्हणाला. "आणि लिवा, शंभू जिकलो."

गोकुळदासने कपाळावर हात मारला. पोलिसाने मला विचारलं, शेवटचंही लिहायचं का. विमला वळून थिएटरकडे गेली. तिथे हरमलहून आलेलं एक फुटकं डोकं तिची वाट बघत होतं.