खोक्याआडचे फासे
नव्या बुटांच्या खोक्याचा वास आला की पंच्याऐंशी सालचा मे महिना आठवतो. घाटकोपरचा माझा मित्र त्याच्या मामानं अमेरिकेहून आणलेल्या पुस्तकावरून आम्हा तिघांना अंतराळयानांचा खेळ खेळवायचा. गोष्ट तो सांगायचा, आम्ही यानांचे कप्तान, आणि आमचं नशीब ठरवणारे फासे तो बुटांच्या उभ्या खोक्याआड टाकायचा. बाकीच्यांची यानं फुटायची, माझं मात्र दर वेळी वाचायचं. ते दोघं माझ्याकडे संशयानं बघायला लागले आणि मी त्याच्याकडे. एकदा त्यानं "वाचलास रे!" म्हटल्याबरोबर मी खोकं उचललं. दोन्ही फाशांवर एकेकच ठिपका होता, म्हणजे माझं यान खलास. "खोटं का बोललास?" मी ओरडलो. "तू हरलास की यायचं बंद करतोस ना यार," तो खाली बघत म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो नाही. त्यानं किती वेळ वाट बघितली, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.