सरांची सही

दाव्यांचे मसुदे सोडून मी आजवर काही लिहिलेले नाही. तेव्हा या वयात लेखणी उचलून वाचकांचा वेळ घेत असल्याबद्दल आधीच क्षमा मागते.

चाळिशी उलटल्यावर मी कायद्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षभर परदेशी गेले. ते सुचवले माझ्या सरांनीच. चिखलीच्या कोर्टात त्यांच्या हाताखाली मी वकिली शिकले, पुढे स्वतःचे पक्षकार जोडले. आमच्याकडे वकील बदलायचा तर नव्या वकीलपत्रावर जुन्या वकिलाने 'हरकत नाही' असे लिहून सही द्यावी लागते. निघण्यापूर्वी मी माझ्या सगळ्या दाव्यांत तशी सही देऊन ते सरांच्या हवाली केले. "तू निश्चिंत जा, बेटा. आल्यावर सगळं जसंच्या तसं वापस," ते म्हणाले होते.

तिकडे वर्गात देशोदेशींचे वकील होते. मी क्वचितच तोंड उघडत असे. व्यावसायिक नीतीच्या तासाला एकदा उघडले, ते हा रिवाज अभिमानाने सांगायला. एका सहाध्यायिनीने विचारले, सरांनी दावे परत दिले नाहीत तर? मला तो प्रश्न असभ्य वाटला होता.

परतल्यावर अमडापूरच्या एक आजी आल्या. शेतात जायच्या वाटेचा त्यांचा दावा मीच दाखल केला होता. त्यांना मीच हवी होते. नवे वकीलपत्र घेऊन आम्ही दोघी बाररूममध्ये सरांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला, कागद न वाचताच बाजूला सरकवला आणि आजींना म्हणाले, "मॅडम आता फॉरेनच्या झाल्या, आजी. तुमच्या धुऱ्याबांधात त्यायचा जीव कुठून रमते?"

शेजारचे वकील हसले. मी हळूच सरांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली.

"पक्षकार का घरचं भांडं असते, बेटा? ठेवायले देल्लं अन् मांगून आणलं?"

मी चहा संपवला. उठताना, सवयीने, त्यांना नमस्कारही केला.

बाहेर आल्यावर आजींनी विचारले, "काऊन नाही देत ते सही?"

सरांच्या सहीविना उभे राहायची परवानगी न्यायालय देऊ शकते. पण त्यासाठी अर्ज करावा लागेल, आणि सरांनी शब्द मोडला हे भर कोर्टात वाचले जाईल. अर्ज लिहून तयार आहे. त्याची मांडणीसुद्धा त्यांनीच शिकवलेली आहे. आजींची तारीख जवळ आली आहे.

माझ्या जागी तुम्ही असता, तर तो अर्ज दिला असता का?