त्रिशलाक्कांचा आड

सदलग्यातल्या आमच्या गल्लीत त्रिशलाक्कांचं नवं घर लांबूनच ओळखू येतं. कौलारू घरांच्या रांगेत हे तीन मजली, पुढं सगळी काच आणि स्टीलचं गेट. नवा पोस्टमन बँक समजून आत शिरला होता. दारात बसायला कट्टा मात्र नाही. कट्टा कशाला लागतो, हे बेळगावच्या इंजिनियरला कुणी सांगितलंच नसावं.

बांधकाम चाललं होतं तेव्हा आक्का वर्षभर निपाणीला लेकीकडे होत्या. परत आल्या तर परसातल्या आडाच्या जागी फरशी, आणि फरशीवर लेकाची, गोमटेशची मोटार. पोरानं हौसेनं घर बांधलेलं. आक्कांनी पाणी गाळायचं फडकं घडी घालून ठेवून दिलं.

चाळीस वर्षं त्यांनी त्या आडाचं पाणी फडक्यातून गाळलं, फडक्यात अडकलेले बारीक जीव परत त्याच आडात सोडले आणि गावात जैन मुनी आले की त्याच पाण्यावर आहार दिला. मुनींना नळाचं पाणी चालत नाही. बाकीच्या गल्लीनं आपापले आड आधीच बुजवले होते. मीही. खोटं कशाला बोलू, मी तिथं संडास बांधला.

यंदाही एक मुनी आले; आम्ही त्यांना स्वामी म्हणतो. आक्का लेकाला म्हणाल्या, "मळ्यातल्या विहिरीचं घागरभर पाणी आण रं."

"आई, फिल्टरचं पाणी त्याच्यापेक्षा लई स्वच्छ हाय," गोमटेश म्हणाला. त्याला ते मनापासून वाटत होतं. त्याचं मन मोडवेना, म्हणून आक्का फिल्टरच्याच पाण्यावर आहार रांधून, कलश घेऊन गेटबाहेर उभ्या राहिल्या.

मुनी मनात एक नेम धरून निघतात आणि तो जिथं जुळेल तिथंच आहार घेतात. त्या दिवशी ते नेमके आक्कांपुढं थांबले. मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, एवढं आक्का म्हणाल्या. पुढं आहार-पाणी शुद्ध म्हणायचं, त्याशिवाय मुनी आहार घेत नाहीत. ओठ हलले, शब्द फुटला नाही. स्वामी थोडं थांबून पुढं गेले. नेम दुसरीकडे कुठंच जुळला नाही. दिवसातून एकदाच आहार घेणारे स्वामी तसेच बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात परतले.

दिवस मावळायच्या आत गोमटेशनं आईपुढं ताट ठेवलं. मी तिथंच होतो. आक्कांनी ताट सरकवलं.

"स्वामी उपाशी हाईत. माझ्यामुळं."

"चुकलं माझं, आई."

"आड बुजवू का म्हणून इचारलं असतंस, तर व्हयच म्हणलं असतं मी," आक्का म्हणाल्या. "नुस्तं इचारायचंस रं."